शाळेचे खालचे दार

खांदेकऱ्याच्या घरी धाकटी जन्मली, त्याच वर्षी खाणीच्या गावातल्या नव्या शाळेवर छप्पर चढले. त्यामुळे कोणी इमारतीचे वय विचारले की लोक धाकटीकडे बोट दाखवत, आणि धाकटीचे वय विचारले की तिची आई शाळेकडे. इमारत सगळे गाव मिरवत असे. धाकटीला मात्र सकाळी घराबाहेर पडायची मुभा नव्हती.

इमारत मिरवण्यासारखीच होती. गावातली बाकीची घरे बैठी, धुळीने काळवंडलेली, एकमेकांच्या अंगावर रेललेली. त्यांच्या मधोमध ही दोन मजली दगडी शाळा. रुंद पायऱ्या, दोन माणसांच्या उंचीचे दुपाखी दार, त्यावर घड्याळ. दगड खाणीतलाच, कोळशाआधी वर निघालेला. बांधणारेही गावातलेच. सुट्टीच्या दिवशी घरी लोळायचे सोडून माणसांनी दगड घडवले, तुळया तासल्या, बायकांनी चुना कालवला. "आपण उतरलो खाली, पोरं नाही उतरणार," असे म्हणत म्हणत भिंती वर गेल्या. सभागृह तर एवढे मोठे की हाक मारली की आवाज फिरून परत येई. पहिल्या दिवशी मुलांनी शिकणे सोडून स्वतःच्याच नावाने हाका मारल्या, आणि मास्तरांनीही हळूच एक मारून पाहिली.

खालचे दार मात्र कोणाच्या मनात नव्हते. हिवाळ्यात शेगड्यांना लागणारा कोळसा तळघरात उतरवता यावा म्हणून इमारतीच्या मागे एक बुटके दार ठेवले होते, एवढेच. दुसऱ्या वर्षी खाणीत छत कोसळले. मेलेल्यांना घरी नेईपर्यंत ठेवायचे कुठे? गार आणि ऐसपैस जागा गावात एकच होती. एका दिवसापुरते म्हणून तळघरात ठेवले. पुढच्या वेळीही एका दिवसापुरतेच. प्रेते आणणारे खांदेकरी, म्हणून ते दार खांदेकऱ्यांचे झाले. पुढे खांदेकऱ्यांची मुले शिकायला येऊ लागली तेव्हा कोणीतरी सहज म्हणाले, "त्यांचं दार आहेच की मागे." मुले मागच्या दाराने तळघरात गेली आणि तिथेच बसली. ठराव झाला नाही, भांडण झाले नाही. अन्यायाला दर वेळी ठराव लागतोच असे नाही.

खांदेकरी म्हणजे खाणीत दबलेल्या माणसांना वर आणणारे लोक. त्यांची मोजकी घरे गावाच्या कडेला एका गल्लीत होती. छत पडले की सगळे बाहेर पळत आणि हे आत जात. हातांनी दगड उपसत, सापडेल त्याला खांद्यावर घेत, धूत, पुसत, आणि घरच्यांच्या हवाली करत. कधी माणूस जिवंतही सापडे. पण ते कोणाच्या लक्षात राहत नसे. लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच की मरण येते तेव्हा हे येतात. मग कधीतरी ते उलटे झाले: हे येतात म्हणून मरण येते. पाळीला जाताना खांदेकऱ्याच्या घरचे कोणीही दिसले, बाई असो की पोर, तर त्या दिवशी खाली उतरायचे नाही, तसेच घरी परतायचे. परतणाऱ्याला मुकादमही काही बोलत नसे. तेव्हा खांदेकऱ्यांनीच समजून वागावे, असे ठरून गेले. पहाटे पाळीचा पहिला भोंगा होई. माणसे पिंजऱ्यातून खाली उतरली की दुसरा. तो होईपर्यंत त्या गल्लीतले एकही दार उघडत नसे.

शाळेची पहिली घंटा या दोन भोंग्यांच्या मध्ये होई.

"झाला का गं दुसरा?" खाटेवरून काकाने विचारले. हा खांदेकऱ्याचा धाकटा भाऊ. त्याच्याच घरात राहायचा.

"नाही अजून." धाकटी वेणी घालून, दप्तर पाठीला लावून दाराच्या फटीला नाक चिकटवून उभी होती.

"मग पाय कशाला आपटतेस? जमिनीला भोक पडेल. खाली खाणच आहे."

"गणिताचा तास बुडतोय तिकडे."

"गणित कुठे पळून जातंय? दोन नि दोन, तू जाईपर्यंत चारच राहतील."

"काका, आता अपूर्णांक आहेत. ते नाही राहत."

काका हसला. आई हसली नाही. ती तेच ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. लग्न होऊन ती दुसऱ्या गावाहून इथे आली होती. माहेरी पहाटे उठून विहिरीवर जायची, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायची. इथे आल्यावर पहिल्याच सकाळी नवऱ्याने दाराची कडी लावली आणि म्हणाला, थोडा वेळ बस. तेव्हापासून ती रोज थोडा वेळ बसत होती. सवय होईल असे सासू म्हणायची. सासू गेली, सवय झाली नाही. त्या वेळात तिचे हात काही ना काही करत राहत. ताट पुसून झाले की घडी घातलेले कपडे ती मोडून पुन्हा घडी घाली.

त्या आठवड्यात तळघराची बाई त्यांच्या घरी आली. खांदेकऱ्यांच्या मुलांना शिकवणारी ही तरुण शिक्षिका गावाबाहेरची होती, त्यामुळे कोणाच्या घरी जायचे नाही हे तिला नीट माहीत नव्हते, किंवा माहीत असूनही तिने मनावर घेतले नव्हते. तिने खाटेवर बसून चहा घेतला. खांदेकरी भिंतीला टेकून उभाच राहिला.

"शेवटच्या परीक्षेला धाकटीचं नाव घातलंय मी," बाई म्हणाली. "पास झाली तर शहरातल्या इस्पितळात परिचारिकेचं शिक्षण मिळेल. राहायची सोयही तिथेच. पण परीक्षा वरच्या सभागृहात आहे. बाहेरून परीक्षक येतात. पहिल्या घंटेला पेपर, नंतर आत घेत नाहीत."

"खाली बसून नाही का लिहायचा?"

"नाही. सगळ्यांनी एकाच जागी, एकाच वेळी."

खांदेकऱ्याने पोरीकडे पाहिले. "कशाला हवंय गं तुला ते? इथे काय कमी आहे?"

धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही आणता ती माणसं गार झालेली असतात. मला गरम माणसाला हात लावायचाय."

बाईने कप खाली ठेवला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी खांदेकरी शाळा समितीच्या सचिवाकडे गेला. सचिव खाणीच्या कचेरीत हजेरी घेणारा बाबू होता. सज्जन माणूस. कधी कोणाला वाकडे बोलला नाही. त्याने खांदेकऱ्याला ओसरीवर बसायला स्टूल दिले आणि स्वतः दारात उभा राहिला.

"माझं विचाराल तर मी असलं काही मानत नाही," सचिव म्हणाला. "पण पाळीचं काय करायचं? लोक परतले तर कचेरीत मला जाब विचारतात."

"होय, ते आहेच."

"तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलतो. आदल्या संध्याकाळीच आणून सोडा ना तिला. रात्र तळघरात काढेल. शिपाई कंदील ठेवेल. सकाळी आतल्या जिन्यानं वर. कुणाच्या डोळ्यांवर यायला नको नि कुणाचं अडायला नको."

खांदेकरी जवळजवळ आनंदात घरी आला. निदान नाही तरी म्हटले नव्हते. त्याने बायकोला सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"जिथे तुम्ही मेलेल्यांना ठेवता, तिथे मी माझी जिवंत पोर निजवू?"

"तिथेच तर शिकते ती रोज."

"शिकते म्हणून तोंड मिटून बसले. निजायची नाही."

"मग काय करणार आहेस?"

"रस्त्यानं नेणार. वेळेवर."

"लोक परततील."

"परतू देत. पाय त्यांचे आहेत."

"आणि खाली काही झालं तर? कुणाच्या माथी येईल ते?"

"खाली काही ना काही होतच असतं," ती म्हणाली. "आपण कडी लावून बसतो तेव्हाही होतं. ते कुणामुळे होतं मग?"

पुढचे काही दिवस खांदेकरी घरात टिकेना. बाहेर जाई, गल्लीच्या टोकापर्यंत चाले आणि परत येई. काकाने एकदा चेष्टेत विचारले, "दादा, वाट विसरलास काय रे?" खांदेकरी पुन्हा टोकाकडे चालू लागला.

परीक्षेच्या सकाळी पहिला भोंगा झाला आणि आईने कडी काढली. खांदेकरी उठून उंबऱ्यापर्यंत आला.

"मी येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही दोघी दिसलात तेवढं पुरे त्यांना." मग पोरीला म्हणाला, "सावकाश लिही."

रस्त्यावर दिवे अजून जळत होते. चहाच्या टपरीपाशी माणसे डबे हातात घेऊन उभी होती. कोणीतरी कोणाच्या तरी बायकोबद्दल काही बोलत होते आणि बाकीचे खिदळत होते. मायलेकी दिसल्या आणि ते थांबले.

"अगं मावशी, वेळ चुकली तुमची," टपरीवाला म्हणाला.

"चुकली नाही. पहिली घंटा गाठायची आहे."

घोळक्यातून ड्रिलवाला पुढे आला. दगडाला भोके पाडायचे काम त्याचे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. "जाऊ द्या रे त्यांना. परीक्षा आहे आज. आमची थोरलीपण बसतेय. रात्रभर पाठ करत होती, मला झोपू दिलं नाही." आणि धाकटीला म्हणाला, "अवघड आलं तर तिला विचार. आणि तिला आलं नाही तर तू सांग." कोणी तरी हसले. काही जण मान खाली घालून पुढे निघाले.

टेकूआबा तेवढा जागचा हलला नाही. खाणीत छताला लाकडी टेकू लावणाऱ्या टोळीचा हा म्हातारा. त्याने टेकू लावून दिल्याशिवाय नव्या जागेत कोणी हत्यार उचलत नसे. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत. त्याने धाकटीकडे शांतपणे पाहिले.

"पोरी, राग नाही हो तुझ्यावर," तो म्हणाला. "पण आयुष्यभर पाळलं, ते आता मोडवत नाही मला." आणि तो घराकडे वळला. त्याची टोळीही एकेक करून त्याच्या मागे वळली.

"आबा, नव्या दालनात टेकू लावायचेत ना आज?" ड्रिलवाल्याने मागून विचारले.

"उद्या लावू. तूही चल घरी."

"मला कुठलं परवडायला, आबा."

खाणीच्या फाटकावर मुकादमाने माणसे पाहिली. टेकूवाले नव्हते. कोळसा मात्र वर पाहिजे होता. त्याने ड्रिलवाल्याला आणि त्याच्या दोघा सोबत्यांना सांगितले, "जरा जपून फोडा. उद्या टेकू येतीलच." आणि पिंजरा खाली गेला.

शाळेच्या पायऱ्यांवर शिपायाने दोन्ही हात पसरले. "मागून, मागून."

"मागे परीक्षा नाही," आई म्हणाली.

"मला कशाला गोत्यात आणता, वहिनी? माझ्या हातात आहे का काही?"

"मग हात बाजूला घ्या."

तेवढ्यात तळघराची बाई वरून धावत आली आणि तिने धाकटीचा हात धरला. हेडमास्तर दारात उभे राहून घड्याळाकडे बघत होते, जणू निर्णय घड्याळच घेणार होते. परीक्षक परगावचा. त्याला त्यातले काही ठाऊक नव्हते. "नाव आहे ना हिचं? मग उभी का? घंटा झाली," असे तो चिडून म्हणाला, आणि धाकटी मोठ्या दाराने आत गेली. गावातल्या कोणी धीर केला नाही तिथे एका परक्याच्या घाईने काम झाले, हेही लिहून ठेवायला हवे.

आई पायरीवर बसली. दुसरा भोंगा झाला. ती तिथेच बसून राहिली.

आत धाकटीने मागच्या बाकावर पेपर सुरू केला. शेजारी ड्रिलवाल्याची थोरली होती. अपूर्णांकांचे उदाहरण आले तेव्हा दोघींनी एकदमच सुस्कारा टाकला आणि एकमेकींकडे न बघता हसल्या.

पेपर अर्धा झाला असेल नसेल, लांब भोंगा सुरू झाला. तो काय सांगतो हे त्या गावात तान्ह्या मुलालाही कळत असे. बाके सरकली, दौती सांडल्या, मुले धावत बाहेर पडली. थोरलीही गेली. एकटी धाकटी बसून राहिली. खांदेकऱ्यांच्या मुलांना लांब भोंगा झाला की जागचे हलायचे नाही असेच शिकवलेले असते, कारण घरचे त्याच वेळी खाणीकडे धावतात. तिला दुसरे काही करता येत नव्हते म्हणून ती लिहीत राहिली. अक्षरे वेडीवाकडी झाली.

तिकडे खाणीच्या तोंडाशी बातमी फुटली. नवे दालन बसले. ड्रिलवाला आणि दोघे आत. खांदेकरी आणि काका खाली उतरले. वर उभ्या राहिलेल्यांना करायला काही नव्हते. असे रिकामे हात फार वाईट. कोणीतरी म्हणाले, "सकाळी खांदेकऱ्याची पोर आडवी गेली." मग ते सगळ्यांनीच म्हटले. आणि सगळे शाळेकडे निघाले.

"बाहेर काढा तिला."

आई पायरीवरून उठून दारात उभी राहिली. "पेपर सुटला की येईल ती."

"तीन माणसं गेली तुझ्या पोरीपायी, आणि पेपर कसला?"

"मी उठल्याशिवाय कोणी आत जायचं नाही," ती म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसली.

हेडमास्तर आत गेले होते. शिपाई मात्र, का कोण जाणे, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

तेवढ्यात गर्दी मागून फाटली. खांदेकरी आणि काका ड्रिलवाल्याचे प्रेत स्ट्रेचरवर घेऊन आले; उरलेल्या दोघांना गल्लीतले बाकीचे खांदेकरी अजून उपसत होते. मागे ड्रिलवाल्याची बायको आणि थोरली. रिवाजाप्रमाणे दोघे भाऊ इमारतीला वळसा घालून मागच्या दाराकडे निघाले. पण ड्रिलवाल्याची बायको पायऱ्यांपाशीच थांबली. समोर टेकूआबा उभा होता, आणि त्याच्या मागे त्याची सगळी टोळी.

"आबा," ती म्हणाली, "तुम्ही इथे कसे?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"तुमची पाळी होती ना आज?"

"परतलो आम्ही."

"सगळे?"

"सगळे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. खाणीतून पळत आलेली माणसे काळी होती. यांच्या अंगावर धुळीचा कण नव्हता. "कपडे स्वच्छ आहेत तुमचे," ती म्हणाली. घरात एखादी गोष्ट जागेवर नसली की बाई जशी म्हणते, तसे. "मग नव्या दालनात टेकू कुणी लावले?"

टोळीतली माणसे एक पाऊल मागे सरली.

"वहिनी, ही पोर आडवी गेली म्हणून तर—" गर्दीतून एकाने सुरुवात केली.

"आडवी गेली. बरं. छत धरून ठेवायचं काम पोरीचं होतं का?"

एवढेच ती बोलली. आवाज चढला नाही. टेकूआबा खाली बसला, रस्त्यातच, दगडावर. त्याच्या टोळीतला एक जण पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाकीचे कोणी कोणाकडे बघेनात.

मग ती खांदेकऱ्याकडे वळली. "भाऊजी, इकडून घ्या."

आजवर त्याला त्या गावात गल्लीबाहेरच्या कोणी भाऊजी म्हटले नव्हते. तो गोंधळला. "वहिनी, मागचं दार उघडं आहे. तिकडूनच नेतात."

"माझा माणूस मागच्या दारानं कधी कुठे गेला नाही. पुढे चला."

काका दमला होता. तिने त्याच्या हाताशेजारी स्ट्रेचरचा दांडा धरला. दुसऱ्या बाजूला थोरलीने. खांदेकऱ्याच्या बायकोने उंबरा मोकळा केला, आणि त्या सगळ्यांनी मिळून त्याला मोठ्या दाराने सभागृहात नेले. धाकटीने लेखणी ठेवली आणि जागा व्हावी म्हणून बाक ओढले. परीक्षकाने टोपी काढली. त्या मोठ्या खोलीत पावलांचे आवाज कितीतरी वेळ फिरत राहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. तो पेपर रद्द झाला. पुन्हा घेतला तेव्हा धाकटी आणि थोरली बरोबरच मोठ्या दाराने आत गेल्या. धाकटी पास झाली आणि शहरात गेली. थोरली बापाविना शाळा सोडून घरी बसली. खालचे दार समितीने "दुरुस्तीसाठी" बंद केले आणि विटांनी बुजवले. ते दार का होते, तिथून कोण जात होते, याबद्दल समितीने एक शब्दही काढला नाही. विटा लावणे सोपे असते. आपण काय करत होतो हे म्हणणे अवघड.

आणि रीत एका दिवसात मेली असे समजू नका. त्यानंतरही खांदेकऱ्याच्या गल्लीतले कोणी पहाटे दिसले की एखादा कामगार थबके, डबा या हातातून त्या हातात घेई आणि घरी वळे. विचारले तर म्हणे, "त्या दिवशी परतले ते वाचले की नाही?" वाचले, हे खरे. म्हणून तर हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही. स्वतःचा जीव वाचला की माणसाला रीत खरी वाटते, आणि त्या रीतीपायी कोणाच्या डोक्यावरचे छत बिनटेकूचे राहिले हे बघायला तो मागे वळत नाही. तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत, कोणाला दाराआड बसवून तुम्ही निर्धास्त कामाला जाता? ते दार कोण उघडेल याची वाट बघू नका. कडी आपल्याच बाजूला असते.

टेकूआबा त्याच वर्षी हिवाळा संपताना आपल्या खाटेवर मेला. त्या दिवसानंतर तो खाणीत उतरला नव्हता. खांदेकरी काही वर्षांनी फुप्फुसे निकामी होऊन मेला. शेवटचे दिवस तो शहरातल्या इस्पितळात होता. धाकटीची आई पुष्कळ जगली आणि खाण बंद झाली त्या वर्षी वारली. ड्रिलवाला आणि त्याचे दोघे सोबती धाकटीच्या परीक्षेच्या पहिल्या सकाळी, नव्या दालनात, बिनटेकूच्या छताखाली मेले.